सागवेकर सरांचे आठ टप्पे

सागवेकर सर माणसाचं नाव विचारायच्या आधी वय विचारत. बाप्या असो की बाई, त्यांना फरक पडत नसे. अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीच्या अध्यापक विद्यालयात मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा हातातली पर्स टेबलावर ठेवायच्या आत समोरच्या खुर्चीतले उंच, टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले, “वय काय हो तुमचं?” मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे असल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण ते आकड्यात नसतं. तरी नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी जीभ आवरली आणि म्हटलं, “एकोणचाळीस.” त्यावर त्यांनी डोळे मिटले, मनाशी काही जुळवलं आणि म्हणाले, “म्हणजे सहावा आटोपला. सातव्याच्या उंबऱ्यावर आहात. सांभाळा बाई, इथंच माणसं साचतात.” मला वाटलं, संस्थेनं ज्योतिषी ठेवलाय की काय. मग शिपायानं चहा आणून ठेवता ठेवता सांगितलं, हे आपले मानसशास्त्राचे सर.

साचण्याचा अर्थ पुढे कळला. कुणा परदेशी विद्वानानं माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत आठ टप्पे पाडले आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक पेच ठेवला आहे. तान्ह्या बाळाचा पेच असा, की या जगावर विश्वास ठेवावा की नाही. दोन-तीन वर्षांच्या पोराला सगळं आपल्या हातानं करायचं असतं, आणि करू दिलं नाही तर त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागते. मग पुढाकार, मग शाळा, मग मिसरूड फुटल्यावर ‘मी कोण’, मग जोडीदार, मग सातव्यात पुढच्या पिढीच्या हाती काही सोपवणं, आणि आठव्यात मागं वळून बघत समाधान मानणं, नाहीतर हळहळत बसणं. एखादा पेच सुटला नाही तर माणूस वयानं पुढं जातो आणि मनानं तिथंच राहतो. पुस्तकात हे सगळं जेमतेम दोन पानांत आहे. सरांनी ते अख्ख्या रत्नागिरीला लावलं होतं.

“माणूस अडकतो, बाई,” ते म्हणायचे. “कुठं अडकला ते कळलं की राग येत नाही.” प्राचार्य खडूच्या पेट्या स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवत आणि आम्हाला रोज दोन-दोन खडू मोजून देत. स्टाफरूममध्ये सगळे त्यांना शिव्या घालत असताना सर शांतपणे म्हणाले, “दुसरा टप्पा. लहानपणी कुणी काही हातात धरू दिलं नसणार.” तेव्हापासून प्राचार्यांकडं खडू मागायला गेलं की मला समोर दोन वर्षांचं हट्टी पोर दिसायचं आणि खडू घेताना हसू आवरायचं नाही. प्राचार्यांचा समज झाला, की मी फार हसतमुख बाई आहे. माझ्या पहिल्या गोपनीय अहवालात त्यांनी तसं लिहिलंसुद्धा.

एकदा मासळीबाजारात आम्ही दोघं एकाच वेळी पोचलो. बांगड्याच्या वाट्यापुढं बसलेली म्हातारी गिऱ्हाइकांवर खेकसत होती. सरांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. “मावशी, वय काय तुझं?” त्यांनी विचारलं. म्हातारीनं मान वर करून त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “बांगडा आजचा हाय, मी कालची. काय घेतोस तं सांग.” सरांनी मुकाट्यानं दोन वाटे घेतले. परत येताना मी विचारलं, कितवा टप्पा. त्यांनी पिशवी या हातातली त्या हातात घेतली आणि म्हणाले, “काही लोकांचे सगळे पेच सुटलेले असतात. ते धोकादायक.”

वर्गात मात्र सर राजे होते. बारावी झालेली पोरं-पोरी, उद्या कुठल्यातरी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन पहिलीला ‘कमळ’ शिकवणार, पण सर त्यांना असे आठ टप्पे चढवत, की पोरं वर्गाबाहेर येताना एकमेकांकडं संशयानं बघत. दुसऱ्या एका विद्वानाचे टप्पे वेगळे आहेत, त्यात तोंड वगैरे अवयवांवरून नावं दिली आहेत. तो भाग आला, की सर खिडकीबाहेरच्या शेवग्याकडं बघत म्हणत, “हे घरी वाचा,” आणि पुढच्या पानावर जात. पोरं घरी एवढंच वाचत.

या विद्येची झळ एका साखरपुड्याला लागली. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाशी ठरलं होतं. तो काहीही विचारलं की म्हणे, आईला विचारून सांगतो. लग्नानंतर फिरायला कुठं जायचं, आईला विचारून सांगतो. मुलीनं त्याला स्वच्छ सांगितलं, की तुम्ही तिसऱ्या टप्प्यात अडकला आहात, माझ्याच्यानं तुम्हाला सहाव्यापर्यंत आणणं व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील राजापूरहून पहाटेची एसटी पकडून विद्यालयात हजर. “आमचा मुलगा पदवीधर आहे आणि तुमच्याकडं त्याला तिसरीत घालतात?” त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटला. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सर आले, खुर्ची ओढून बसले आणि त्या खवळलेल्या माणसाला आस्थेनं म्हणाले, “तुमचं वय काय?” पुढचं मी दाराबाहेरून ऐकलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्याची मजा मला वर्षभरानं कळली. ऑफिसात फोन वाजला आणि शिपाई सांगत आला, “सर, तात्या.” वर्गात आठवा टप्पा रंगवत असलेला हा पन्नाशीला टेकलेला माणूस खडू टाकून धावत सुटला. फोनवर सर उभे राहून बोलत होते, आणि डाव्या हातानं शर्टाचं वरचं बटण लावत होते. “हो तात्या. नाही तात्या. शनिवारी येतो तात्या. जेवलो तात्या.” फोन ठेवून ते वळले तर दारात मी. माझा चेहरा बोलका आहे, त्याला माझा इलाज नाही.

तात्या म्हणजे सरांचे वडील. वय ऐंशी. पावस गावाच्या अलीकडं त्यांची हापूसची बाग होती आणि त्या बागेत तात्यांच्या परवानगीशिवाय पानही गळत नसे. सर दर शनिवारी गावी जात, फवारणीचं औषध, खत, पेट्यांच्या फळ्या असं सांगितलेलं सामान पोचवत आणि रविवारी परत येत. कुठल्या झाडाला काय घालायचं, आंबा कुणाला द्यायचा, यात त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. एकदा तात्या स्वतः पिशवीभर ओले काजूगर घेऊन विद्यालयात आले. धोतर, काळी टोपी, कणा ताठ. सर पिशवी धरून बाजूला उभे.

कोकणात आंबा किती तयार झाला ते आण्यांत सांगतात. आणे व्यवहारातून गेले, पण आंब्यातून गेले नाहीत. चौदा आणे तयार झालेला हापूस झाडावरून उतरवायचा, हा तात्यांचा कायदा, आणि तोच ते माणसांनाही लावत. “बाई, तुमी याच्याबरोबर काम करता तं सांगून ठेवतो,” ते सरांसमोरच मला म्हणाले. “आमचा बाळू अजून बारा आण्याचा हाय. घाईत उतरवला तं आंबट ऱ्हायल.” स्टाफरूममध्ये कुणी पेपराआड तोंड लपवलं, कुणाला ठसका लागला. तात्यांच्या हिशेबात सोळा आण्याचा माणूस जगात एकच होता, आणि तो त्या क्षणी आमच्या खुर्चीत बसून आमचाच चहा बशीत ओतून पीत होता. बाप आठ टप्पे मानत नव्हता, मुलगा आणे मानत नव्हता, पण समोरच्याला मोजून कच्चा ठरवण्याची खोड दोघांची एकच. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

त्या दिवशी संध्याकाळी तात्यांना एसटीत बसवून आल्यावर सर व्हरांड्यात एकटेच बसले होते. मी त्यांची थोडी टिंगल करायच्या विचारानं गेले होते, पण तेच बोलायला लागले. दर वर्षी पहिला आंबा उतरवायच्या आधी बागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. राखणदार म्हणजे बाग सांभाळणारा देव. किंजळीच्या झाडाखाली त्याचा दगड आहे. घरचा कर्ता पुरुष नारळ हातात धरून देवाला सगळं मोठ्यानं सांगतो, काय हवं ते मागतो, आणि मागं उभे असलेले गडी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. “मी कळायला लागल्यापासून व्हय म्हाराजा म्हणतोय, बाई,” सर म्हणाले. “माझ्या वर्गमित्रांचे मुलगे गाऱ्हाणी घालायला लागले.”

“तुमचा देवावर विश्वास आहे?” मी विचारलं.

“अजिबात नाही.”

“मग?”

“मी सातवा टप्पा शिकवतो. पुढच्या पिढीच्या हाती काहीतरी द्यायचं. पण माझ्या हातात आधी कुणी काही ठेवायला नको का?” आणि मग शरमल्यासारखे हसून म्हणाले, “एकदा तात्यांनी म्हणावं, बाळू, यंदा तू घाल. बास. मला दुसरं काही नको.” मला वाईट वाटलं. सगळ्या गावाला मोजणारा हा माणूस एका म्हाताऱ्याच्या एका वाक्यासाठी झुरत होता, आणि त्याला स्वतःला ते कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट कळत होतं.

मग सरांनी विद्वान माणसं करतात ती चूक केली. बापाला पुस्तकानं पटवायला गेले. एका रविवारी त्यांनी पडवीत बसून तात्यांना आठही टप्पे समजावले आणि शेवटी म्हणाले, की तुमचा आता आठवा चालू आहे. या टप्प्यात माणसानं कारभार सोडावा, केलं ते छान केलं म्हणावं, समाधानानं बसावं. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सुपारी कातरून झाली.

“आनी नवव्यात काय?” त्यांनी विचारलं.

“नववा नसतो, तात्या.”

“मंग मी आठव्यात कशाला जाऊ?”

सोमवारी सरांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी इतकी हसले, की प्राचार्य बाहेर आले. सर हसले नाहीत. “पुस्तकात याला उत्तर नाही,” ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही वय विचारलं नाही. आठवडा संपल्यावर पुन्हा सुरू झाले, खोड ती खोडच.

तात्या पुढं पाच वर्षं आठव्यात गेले नाहीत. झाडावर चढणं तेवढं सोडलं, आणि खालून ओरडणं वाढवलं. मग एका हिवाळ्यात त्यांच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. जो माणूस बोलण्यावरच बाग चालवत होता, त्याला पाणी मागता येईना. मार्च आला, झाडावर फळ तयार झालं, आणि गाऱ्हाणं कोण घालणार हा प्रश्न आपोआपच सुटला. सरांनी मला आणि प्राचार्यांना बोलावणं केलं. आवाजात आनंद नव्हता, आणि नव्हता असंही म्हणवत नाही.

आम्ही गेलो तेव्हा गडीमाणसं किंजळीखाली जमली होती. तात्यांना खुर्चीत घालून उचलून आणलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तसेच, कोण कुठं उभा आहे ते बघणारे. सर सोवळं नेसून, नारळ घेऊन दगडापुढं उभे राहिले. घसा साफ केला, आणि इतक्या वर्षांची शिकवायची सवय एकदम वर आली.

“बा देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आज आपण इथं कशासाठी जमलो आहोत, हे प्रथम लक्षात घेऊ.”

गड्यांनी एकमेकांकडं पाहिलं. “व्हय म्हाराजा.”

“याचे तीन उद्देश आहेत.”

“व्हय म्हाराजा.”

“पहिला उद्देश, पिकाचं संरक्षण. यात माकडं, वादळ आणि तुडतुडे यांचा समावेश होतो.”

“व्हय म्हाराजा.” हे प्राचार्यांनी जरा उशिरा आणि एकट्यानं म्हटलं. मी पदर तोंडाशी धरला.

“दुसरा उद्देश, सर्वांचं आरोग्य. आणि तिसरा उद्देश असा, की आजपासून या बागेचा कारभार...”

इथं सर थांबले. मला वाटलं, मुद्दा विसरले. पण ते तात्यांकडं बघत होते. तात्या खुर्चीत पुढं सरकायची धडपड करत होते आणि सरकता येत नव्हतं. त्यांचा चालता डावा हात मांडीवर होता आणि त्याची मूठ वळलेली होती. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते वाक्य आता सरांनी स्वतःच म्हणायचं होतं. अडवणारा कुणी नव्हता. सगळे ‘व्हय’ म्हणायला तयार होते.

सरांनी नारळ छातीशी धरला. आवाज बदलला, आणि भाषा वर्गातली राहिली नाही. “बा देवा म्हाराजा, ही बाग माज्या बापसाची हाय. त्यानं लावली, त्यानं राखली. मला ती अशी नको. त्याची वाचा त्याला परत दे, नि पुढल्या वर्साला हितं त्यालाच उभा कर.”

मालकच असं मागतोय, तर याला हो म्हणायचं की नाही, गड्यांना कळेना. काहींना नव्या मालकाचं सुख दिसायला लागलं होतं, ते तर चुळबुळच करू लागले. तेवढ्यात खुर्चीतून एक आवाज आला. त्याला शब्द म्हणता येत नव्हतं. आत कुठंतरी अडलेला वारा रेटून बाहेर काढावा तसा तो होता, पण काय म्हणायचंय ते आम्हा सगळ्यांना समजलं. आपल्या मुलाच्या मागं तात्या जन्मात पहिल्यांदा ‘व्हय’ म्हणत होते. मग सगळे एकदम म्हणाले. मी रडले, प्राचार्यांनीही चष्मा काढून पुसला, आणि सरांचा नारळ काही केल्या फुटेना.

राखणदारानं ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. आषाढापर्यंत तात्यांची जीभ हळूहळू वळायला लागली. पहिलं अख्खं वाक्य त्यांनी सरांनाच ऐकवलं, “नारळ वाकडा फोडलास.” सर ही बातमी स्टाफरूममध्ये प्रत्येकाला वेगवेगळी सांगत फिरले. पुढच्या वर्षी काठी टेकत, शब्द चावत चावत तात्यांनीच गाऱ्हाणं घातलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. सरांना कुणी विचारलं, की तुम्हाला कधी मिळणार, तर म्हणायचे, “माझी घाई नाही.” आणि खरंच ती राहिली नव्हती. शनिवारचं सामान घेऊन ते अशा उड्या मारत जात, की मला त्यांचाच टप्पा विचारावासा वाटे.

सर निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी तात्या गेले. दुपारी जेवून, पेट्यांच्या फळ्या ओल्या आणल्यात म्हणून सुताराला झापून पडवीत आडवे झाले ते उठले नाहीत. त्यानंतरच्या मार्चमध्ये सरांनी मला पुन्हा बागेत बोलावलं. या वेळी उद्देश वगैरे काही नव्हतं. चार वाक्यांत गाऱ्हाणं झालं, नारळ एका फटक्यात आणि सरळ फुटला. खोबरं वाटून झालं. गडी आंबे उतरवायचे लांब काठीचे झेले खांद्यावर टाकून उभे राहिले आणि त्यांतला म्होरक्या म्हणाला, “दादा, कुटच्या झाडापासनं धरू?”

सरांनी घराकडं वळून पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ते थांबले. आता तिकडून हाक येईल, कुठून धरायचं ते ओरडून सांगितलं जाईल, अशा बेतानं मान तिरपी करून थांबले. गडीही थांबले. घरातून सरांच्या बायकोच्या भांड्यांचा तेवढा आवाज आला.

“बाई,” सर माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, “मोठं झाल्यावर काहीतरी फार छान वाटत असेल, असं मला वाटायचं हो.” त्यांचे डोळे भरले होते आणि पुसायचं त्यांना भान नव्हतं.

म्होरक्यानं पुन्हा विचारलं, “दादा, कुटनं?”

“खालच्या बाजूनं धरा,” सर म्हणाले. “तात्या खालच्या बाजूनं धरायचे.”

गडी खालच्या बाजूला निघाले आणि सर त्यांच्यामागं चालत गेले.